चार टेराबाइट भरले, पण हवा तो फोटो सापडत नाही: डिजिटल संग्रह कसा उभारावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: “दोन-तीन वर्षं इंटरनेटवरून जुनी छायाचित्रं, सिनेमाची आणि जाहिरातींची पोस्टरं, जुनी पुस्तकं, मूकपट असं सगळं उतरवून घेतोय. चार टेराबाइटची डिस्क भरत आली. पण हवं ते सापडत नाही, एकच फोटो पाच ठिकाणी निघतो. चांगल्या साइट कोणत्या, कोणतं सॉफ्टवेअर वापरू, आणि पुढची डिस्क कोणती घेऊ?”

साइट, सॉफ्टवेअर आणि डिस्क, तिन्हींबद्दल सांगते. पण तुमच्या वर्णनावरून खरी अडचण वेगळीच दिसते. तुमच्याकडच्या बहुतेक फाइलींना आपण कुठून आलो हे सांगता येत नाही. फोटोच्या नावात नुसते आकडे, पोस्टरचं नाव ‘डाउनलोड’ आणि पुढे कंसात सात, पुस्तकाचं नाव अर्ध्यावर तुटलेलं. अशी फाइल डोळ्यांसमोर आली तरी ती नेमकी काय आहे हे ठरवता येत नाही. ठरवता येत नाही म्हणून ती सापडूनही न सापडल्यासारखी राहते, आणि मग तोच फोटो आपण पुन्हा उतरवतो. मोठी डिस्क घेतली तर हा ढीग फक्त मोठा होईल.

मी माहितीपटांसाठी आणि पुस्तकांसाठी जुनी चित्रं आणि फिल्म शोधून देण्याचं काम करते. या कामात चित्र सापडणं हा निम्माच भाग असतो. ते कुणी काढलं, कधी काढलं, मूळ प्रत कुठल्या संस्थेत आहे आणि वापरायला मोकळं आहे का, हा उरलेला निम्मा. संपादक हे सगळं विचारतो आणि त्याला “नेटवर मिळालं” हे उत्तर चालत नाही. हौसेच्या संग्रहाला इतकी शिस्त लागत नाही हे मला मान्य आहे. तरी एक गोष्ट मी कुणालाही सोडू देणार नाही: फाइल उतरवून घेतानाच तिची नोंद करणं. फाइल हरवली तर नोंदीवरून ती परत मिळवता येते. नोंद हरवली तर फाइलवरून ती परत मिळवायला तासन् तास जातात, आणि कित्येकदा ती मिळतच नाही.

अर्थात किती खोलात जायचं हे तुम्ही संग्रह कशासाठी करताय यावर आहे. नुसतं पाहण्याच्या आनंदासाठी असेल तर पुढचं निम्मं सोडून दिलं तरी चालेल. त्यावर लिहिणार असाल, छापणार असाल किंवा व्हिडिओत वापरणार असाल, तर हक्कांचा भाग नीट वाचा. आणि कुणीच जपत नाही असं काही जपायची इच्छा असेल, तर प्रतींचा आणि बॅकअपचा भाग सगळ्यात महत्त्वाचा.

आता नोंदीत काय लिहायचं? मी एका साध्या स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक वस्तूला एक ओळ देते. संस्थेचं नाव, संस्थेने त्या वस्तूला दिलेला क्रमांक, पानाचा कायमचा पत्ता, संस्थेने दिलेलं शीर्षक जसंच्या तसं, निर्मात्याचं नाव, साल, हक्कांबद्दल संस्थेने लिहिलेलं वाक्य, उतरवल्याची तारीख आणि माझा स्वतःचा शेरा. यातलं काहीच जमलं नाही तरी संस्था, क्रमांक आणि पत्ता हे तीन सोडू नका. साइटची रचना बदलते, पत्ते मरतात, पण क्रमांक सहसा टिकतो. दहा वर्षांनी पत्ता उघडला नाही तरी क्रमांक टाकून वस्तू शोधता येते. शीर्षक ‘जसंच्या तसं’ म्हणते त्यालाही कारण आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेस (अमेरिकेच्या संसदेचं ग्रंथालय) सारख्या संस्थांच्या यादीत काही शीर्षकं चौकोनी कंसात असतात. त्याचा अर्थ असा की ते शीर्षक मूळ फोटोवर नव्हतं, यादी करणाऱ्याने नंतर दिलं. तुम्ही तो कंस काढून टाकलात तर यादीकाराचा अंदाज छायाचित्रकाराच्या तोंडी जातो. साल नक्की नसेल तर ‘साधारण १९२०’ असंच लिहा. तिथे नुसतं १९२० लिहिलंत की वर्षभरात तुम्हालाच ते खरं वाटायला लागतं.

फाइलच्या नावात संस्थेची खूण आणि तिचा क्रमांक ठेवा. जमलं तर साल आणि एखादा ओळखीचा शब्द. बाकीचं वर्णन नोंदीत. नाव रोमन अक्षरांत आणि रिकाम्या जागा न सोडता दिलेलं बरं. वेगवेगळ्या संगणकांत आणि जुन्या झिप फाइलींत देवनागरी नावांची मोडतोड झालेली मी पुष्कळदा पाहिली आहे. वर्णन मात्र खुशाल मराठीत लिहा. शोध तुम्हीच घेणार आहात, आणि आपण ज्या भाषेत विचार करतो त्याच भाषेत शब्द आठवतात.

यापुढचा मुद्दा म्हणजे एकाच वस्तूची कोणती प्रत घ्यायची. इथे जरा थांबते, कारण बहुतेक संग्रह इथेच कमजोर पडतात.

रशियन छायाचित्रकार प्रोकुदिन-गोर्स्की यांचं उदाहरण घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, रंगीत फिल्म येण्याच्या बरंच आधी, त्यांनी रशियन साम्राज्यभर फिरून रंगीत छायाचित्रं काढली. पद्धत अशी की एकाच उभ्या काचेवर एकाखाली एक तीन कृष्णधवल प्रतिमा घ्यायच्या: एक निळ्या फिल्टरमधून, एक हिरव्या, एक लाल. नंतर त्याच रंगांच्या प्रकाशात तिन्ही एकावर एक पाडल्या की रंगीत चित्र दिसायचं. त्यांच्या वारसांकडून लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ मध्ये हा संग्रह विकत घेतला, आणि आता १,९०२ काचांचे स्कॅन ऑनलाइन आहेत. इंटरनेटवर जी फिरतात ती जोडून तयार केलेली रंगीत चित्रं. त्यात कुणी रंग भडक केलेले असतात, कुणी कडा कापलेल्या असतात. पण संस्थेच्या पानावर तीन खणांच्या अख्ख्या काचेचा कृष्णधवल स्कॅनही मिळतो. तो घ्या. त्यात काचेचे तडे दिसतात, कडेला उडालेला लेप दिसतो. तिन्ही प्रतिमा थोड्या वेळाच्या अंतराने घेतल्यामुळे नदीचं पाणी किंवा हललेला माणूस तिन्हींत वेगळ्या जागी दिसतो. जोडलेल्या चित्रात पाण्यावर इंद्रधनुषी किनार का येते, हे त्यावरून कळतं. फोटो-संपादनाचं कोणतंही साधं सॉफ्टवेअर घेऊन तिन्ही थर तुम्ही स्वतः जोडू शकता. जोडलेल्या चित्रातून मूळ काच मात्र परत मिळवता येत नाही.

दुसरं उदाहरण फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या, गरीब शेतकऱ्यांना मदत करणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याच्या छायाचित्र-संग्रहाचं. १९३५ ते १९४४ या काळातली सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह त्यात आहेत. यातल्या काही चित्रांवर मधोमध किंवा चेहऱ्यावरच एक गोल काळा ठिपका दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं स्कॅन बिघडला, आणि तो फाइल टाकून देतो किंवा ठिपका पुसून ‘दुरुस्त’ करतो. तो ठिपका म्हणजे निगेटिव्हला पाडलेलं भोक आहे. प्रकल्पाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना जी चित्रं नको होती त्यांच्या निगेटिव्हला भोक पाडलं जायचं. म्हणजे काय दाखवायचं आणि काय नाही हे सरकारी कचेरीत कसं ठरलं, त्याचा पुरावाच त्या ठिपक्यात आहे. याच संग्रहातलं डोरोथिया लँग यांचं १९३६ चं ‘मायग्रंट मदर’ सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मूळ चित्रात उजवीकडे खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता. पुढे निगेटिव्हवरच रिटचिंग करून तो पुसट केला गेला, पण त्याआधीची प्रतही लायब्ररीकडे आहे. ‘हे दोन्ही सारखेच’ म्हणून डुप्लिकेट शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने यातली एक फाइल उडवली तर केवढं नुकसान, याचा विचार करा.

म्हणून प्रत निवडताना मी पाहते ते असं. पहिली पसंती मूळ वस्तू जिच्याकडे आहे त्या संस्थेच्या स्कॅनला. तिथे टिफ (बारकाई न गमावणारी फाइल) मिळत असेल तर टिफ, नाहीतर त्यांच्याकडचं सर्वांत मोठं जेपेग. कडा, रंगपट्टी, मोजपट्टी कापायची नाही. छायाचित्राच्या मागच्या बाजूचा स्कॅन दिला असेल तर तो आवर्जून घ्यायचा; स्टुडिओचा शिक्का, वृत्तसंस्थेची चिठ्ठी, कुणीतरी पेन्सिलने लिहिलेलं गाव, हे सगळं मागेच असतं. आणि नुसत्या फाइलच्या आकारावर भुलायचं नाही. हल्ली एआयने मोठी केलेली, धार लावलेली, रंगवलेली जुनी छायाचित्रं सगळीकडे आहेत. पिक्सेल जास्त असतात, पण चेहऱ्याची कातडी मेणासारखी गुळगुळीत होते आणि पाटीवरची अक्षरं कुठल्याच लिपीत बसत नाहीत. शंका आली की चित्रातली पाटी, बोटं आणि दूरचे चेहरे मोठे करून पाहा.

पोस्टरची खरी माहिती खालच्या काठावर असते. छापखान्याचं नाव, क्रमांक, कधी साल, हे तिथे बारीक अक्षरात छापलेलं असतं, आणि विक्रीच्या साइटवरची कापलेली चित्रं नेमका तोच भाग गमावतात. अमेरिकी सिनेमाच्या पोस्टरांवर १९४० च्या दशकापासून पुढे नॅशनल स्क्रीन सर्व्हिसचा क्रमांक सापडतो. त्यातले पहिले दोन आकडे सालाचे असतात. आधी ‘आर’ असेल तर ते पोस्टर पुनःप्रदर्शनाचं. हा क्रमांक वाचता येत नसेल तर ते पोस्टर पहिल्या प्रदर्शनाचं की नंतरचं, हे सांगणं अवघड. छापील ठिपक्यांची जाळी दिसते म्हणून स्कॅन धूसर करू नका. दगडी छपाई आहे की ठिपक्यांची, हे त्या जाळीवरूनच ओळखू येतं.

पुस्तकांच्या बाबतीत वाचायचं आहे की चित्रं हवीत, ते आधी ठरवा. वाचायला पीडीएफ पुरते. पण इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयातल्या पीडीएफ जागा वाचवण्यासाठी बऱ्याच दाबलेल्या असतात आणि चित्रांची बारकाई त्यात जाते. वस्तूच्या पानावर सगळ्या फाइलींची यादी उघडलीत तर पानांच्या मूळ प्रतिमांची झिप बहुधा दिसेल. आकाराने कितीतरी मोठी, पण चित्रांसाठी तीच हवी. गूगलने स्कॅन केलेल्या पुस्तकांत घडी उलगडायचे नकाशे अनेकदा घडीसकट स्कॅन झालेत. नकाशाच हवा असेल तर दुसऱ्या ग्रंथालयातली प्रत शोधावी लागते. ओसीआर केलेला, म्हणजे संगणकाने प्रतिमेवरून वाचलेला, मजकूर शोधासाठी उपयोगाचा, पण त्यावरून अवतरण देऊ नका. पानाची प्रतिमा पाहूनच द्या.

चित्रपटांत दोन गोष्टी सांभाळा. मूकपट बहुतांशी सेकंदाला १६ ते २२ फ्रेमच्या आसपास चित्रित व्हायचे आणि वेग हाताने फिरवणाऱ्यावर अवलंबून असायचा. तेच २४ किंवा २५ च्या वेगाने डिजिटल केले की माणसं तुरुतुरु पळायला लागतात. दोन प्रतींच्या लांबीत फरक दिसला तर लगेच ‘ही पूर्ण, ती कापलेली’ असं ठरवू नका. आधी वेग तपासा. दुसरं, जुन्या एमपेग-२ फाइलींत हलत्या वस्तूंच्या कडेला आडव्या रेघा दिसतात, त्या इंटरलेसिंगच्या, म्हणजे फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवण्याच्या जुन्या पद्धतीच्या. त्या काढून नवी फाइल पाहायला करा, पण मूळ फाइल ठेवाच. उद्याचं सॉफ्टवेअर आजच्यापेक्षा चांगलं काम करेल, पण त्याला मूळ फाइल लागेल.

आता साइट. छायाचित्रं आणि पोस्टरांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेस, न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा डिजिटल संग्रह, विकिमीडिया कॉमन्स, फ्लिकर कॉमन्स. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची गॅलिका आणि युरोपभरच्या संस्थांना एकत्र शोधणारी युरोपियाना. फ्रेंच बँकर अल्बेर कान यांच्या ‘आर्काइव्ह्ज ऑफ द प्लॅनेट’मधले ऑटोक्रोम (काचेवरची सुरुवातीची रंगीत छायाचित्रं), जवळजवळ ७२,००० काचा, रंगाची हौस असेल तर दिवस कसा गेला कळणार नाही. पुस्तकांसाठी इंटरनेट आर्काइव्ह, हाथीट्रस्ट आणि नुसता मजकूर हवा असेल तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग. चित्रफितींसाठी इंटरनेट आर्काइव्हवरचा प्रेलिंगर संग्रह. कारखान्यांच्या प्रशिक्षण फिती, जाहिराती, शाळेत दाखवायचे बोधपट अशा, एकदा वापरून टाकून द्यायच्या फिल्म रिक प्रेलिंगर यांनी १९८२ पासून गोळा केल्या. साठ हजारांवर गेलेला तो संग्रह २००२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतला. मी सगळ्यांत जास्त वेळा जिथे परत जाते ती जागा हीच, कारण तिथे रस्ते, स्वयंपाकघरं, यंत्रं आणि माणसांचं चालणं-बोलणं जसं होतं तसं दिसतं.

पिंटरेस्ट आणि समाजमाध्यमांवरची ‘जुन्या आठवणी’वाली पानं फक्त सुगावा म्हणून वापरा. तिथे काही आवडलं की उलट चित्रशोध करा, मूळ संस्थेपर्यंत जा, आणि फाइल तिथूनच घ्या. मूळ नाहीच सापडलं तर ‘मूळ अज्ञात’ अशी नोंद करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

एकदम बरंच उतरवायचं असेल तर संस्थेने दिलेला मार्ग वापरा. इंटरनेट आर्काइव्हवर टोरंट मिळतो, शिवाय त्यांचं स्वतःचं कमांड लाइनचं साधन आहे. शोधाच्या निकालांची यादी देऊन त्यातून सगळं नोंदींसकट उतरवता येतं. अनेक संग्रहालयं आणि ग्रंथालयं आयआयआयएफ नावाच्या समान पद्धतीने चित्रं देतात, त्यातून पूर्ण आकाराची प्रतिमा मागवता येते. कुठल्याही छोट्या संस्थेच्या सर्व्हरवर एकाच वेळी शंभर मागण्या पाठवू नका. तुमच्यामुळे त्यांची साइट बसली तर ते पुढच्या सगळ्यांसाठी दार बंद करतात.

पण सगळंच उतरवायचं का? माझं मत सांगते. हौशी लोक सर्वांत आधी जगप्रसिद्ध चित्रं गोळा करतात, आणि नेमकी तीच सर्वांत सुरक्षित असतात. ‘मायग्रंट मदर’ तुमच्या डिस्कवर नसल्याने जगाचं काही बिघडत नाही. धोक्यात असतं ते वेगळंच: एखाद्या निवृत्त माणसाने हौसेने चालवलेली जुन्या ट्रामच्या फोटोंची साइट, बंद पडलेल्या मासिकाचे एकाच व्यक्तीने चढवलेले अंक, कुणाच्या तरी व्हिडिओ चॅनेलवरची कौटुंबिक आठ मिलिमीटर फिल्म. तो माणूस गेला, वर्गणी थांबली, खातं बंद झालं की सगळं एका दिवसात नाहीसं होतं. आधी ते घ्या. उतरवण्यापूर्वी त्यांना एक पत्र लिहा. पुष्कळदा ते स्वतःच चांगल्या प्रती पाठवतात, आणि सोबत कुठेही न लिहिलेली माहितीही देतात.

चित्रपटाच्या इतिहासात हे फार क्रूरपणे घडून गेलंय. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डेव्हिड पिअर्स यांच्या अहवालानुसार १९१२ ते १९२९ मधल्या जवळजवळ ११,००० अमेरिकी पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी सुमारे ७० टक्के कायमचे हरवलेत. मूळ स्वरूपात पूर्ण टिकलेले अवघे १४ टक्के. काही, त्या काळच्या ज्वालाग्राही नायट्रेट फिल्म असल्याने, जळून गेल्या, काही कुजल्या, काही चांदी काढून घेण्यासाठी नष्ट झाल्या. आणि पुष्कळशा, आता यांचा काय उपयोग म्हणून फेकल्या गेल्या.

मोठ्या संस्था सुरक्षित म्हणताना एक पुस्ती जोडते. सुरक्षित म्हणजे रोज उघडतील असं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या ऑनलाइन सेवा कित्येक महिने विस्कळीत राहिल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर हल्ला झाला आणि तेही काही काळ बंद होतं. तेव्हा सध्या ज्या विषयावर काम चालू आहे त्याच्या फाइली स्वतःकडे असाव्यात. बाकीच्यांची नुसती नोंद ठेवली तरी चालते. माझ्या स्प्रेडशीटमध्ये अशा कितीतरी ओळी आहेत ज्यांची फाइल माझ्याकडे नाही, पण लागेल तेव्हा कुठे जायचं ते माहीत आहे. तुमची डिस्क भरण्यावरचा अर्धा उपाय यातच आहे.

हक्कांबद्दल. ‘जुनं आहे म्हणजे मोकळं आहे’ हे खरं नाही, आणि देशागणिक उत्तर बदलतं. अमेरिकेत जुन्या प्रकाशित कृतींना प्रकाशनानंतर ९५ वर्षं संरक्षण असतं, म्हणून दर १ जानेवारीला आणखी एका वर्षाच्या कृती मोकळ्या होतात. युरोपात साधारण नियम लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षांचा. भारतात पुस्तकांसाठी मृत्यूनंतर ६० वर्षं. चित्रपटांसाठी प्रकाशनापासून ६० वर्षं. समजा एखाद्याने १९२५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं आणि तो १९६० मध्ये वारला. ते अमेरिकेत आणि भारतात आज मोकळं आहे, युरोपात मात्र २०३० संपेपर्यंत नाही. चित्रपटांत तर थर असतात. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या १९४६ च्या चित्रपटाच्या कॉपीराइटचं नूतनीकरण न झाल्याने तो १९७४ मध्ये मोकळा झाला आणि वर्षानुवर्षं सगळ्या वाहिन्या तो दाखवत राहिल्या. पुढे १९९३ मध्ये मूळ कथेच्या आणि संगीताच्या हक्कांच्या जोरावर त्यावर पुन्हा दावा सांगितला गेला. म्हणजे चित्रपट मोकळा असला तरी त्याची कथा किंवा गाणं अडकलेलं असू शकतं.

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पानावर ‘प्रकाशनावर ज्ञात बंधन नाही’ अशा अर्थाचं वाक्य पुष्कळदा दिसतं. ते हमीपत्र समजू नका. संस्थेला बंधन आढळलेलं नाही, एवढंच ते सांगते. फोटोतली व्यक्ती, त्यातला ट्रेडमार्क, दुसऱ्या देशातला कायदा, हे प्रश्न तरीही राहतात. स्वतःपुरतं पाहायला हा काथ्याकूट नको. छापणार असाल तर मात्र वस्तूचं पान उतरवल्याच्या दिवशीच पीडीएफ करून फाइलशेजारी ठेवा. हक्कांची वाक्यं नंतर बदलतात, आणि त्या दिवशी काय लिहिलं होतं हे दाखवायला ती प्रतच उपयोगी पडते.

आता तुमच्या सध्याच्या ढिगाचं. तो सगळा नीट लावायला बसू नका. मी अनेकांना त्या कामात दमून संग्रहच सोडून देताना पाहिलंय. तो ढीग आहे तसा एका फोल्डरमध्ये टाका, त्यात बदल होणार नाही असा कुलूपबंद करा, आणि नवीन संग्रह रिकाम्या फोल्डरपासून सुरू करा. ढिगातली एखादी वस्तू लागली की तिचं मूळ शोधा, चांगली प्रत मिळवा, नोंद करा आणि मगच नव्या घरात आणा. वर्षभरात जे एकदाही लागलं नाही त्याबद्दल तेव्हा ठरवता येईल. तंतोतंत सारख्या फाइली चेकसमवरून (फाइलच्या आतल्या माहितीवरून काढलेल्या आकडे-अक्षरांच्या खुणेवरून) शोधणारी मोफत साधनं आहेत, तेवढ्या खुशाल उडवा. ‘सारख्या दिसणाऱ्या’ मात्र स्वतः पाहिल्याशिवाय नाही. कारण वर सांगितलंच आहे.

सॉफ्टवेअर कोणतंही चालेल, एवढंच पाहा की नोंदी त्यातून साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येतात. छायाचित्रांसाठी डिजीकॅम, पुस्तकांसाठी कॅलिबर, संशोधनाच्या अंगाने काम असेल तर झोटेरो किंवा ट्रॉपी, सगळी मोफत आहेत. कॅलिबर पुस्तकांच्या प्रती करून स्वतःच्या रचनेत ठेवतं, तेवढं लक्षात असू द्या. फक्त सॉफ्टवेअरच्या पोटात राहणारे टॅग आणि अल्बम यांवर विसंबू नका. शक्य तिथे माहिती फाइलमध्ये किंवा तिच्याशेजारच्या छोट्या मजकूर-फाइलमध्ये लिहायची सेटिंग चालू करा. मी स्प्रेडशीटला चिकटून आहे, कारण ती कुठल्याही संगणकावर उघडते.

डिस्कचं गणित सोपं आहे. ६००० बाय ४८०० पिक्सेलचा कृष्णधवल स्कॅन न दाबता ठेवला तर जवळजवळ २९ एमबी, रंगीत असेल तर तिप्पट. त्यावरून तुमच्या निवडीचा अंदाज घ्या आणि दुप्पट जागा धरा. कंपनीपेक्षा प्रतींची संख्या महत्त्वाची: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. क्लाउडशी आपोआप जुळणारं फोल्डर हा बॅकअप नव्हे. इकडे चुकून पुसलं की तिकडेही पुसलं जातं. कपाटात ठेवून द्यायच्या प्रतीसाठी एसएसडीपेक्षा साधी फिरती हार्ड डिस्क बरी, कारण वीज न मिळता बराच काळ पडून राहिलेल्या एसएसडीवरची माहिती उडू शकते. आणि सगळ्या फाइलींचे एसएचए-२५६ पद्धतीचे चेकसम एका यादीत काढून ठेवा, वर्षातून एकदा पडताळून पाहा. एखादी फाइल गुपचूप बिघडली असेल तर ती तेव्हाच कळते, म्हणजे चांगली प्रत अजून कुठेतरी शिल्लक असताना.

कुठून सुरुवात करू असं विचाराल तर: आज ढीग कुलूपबंद करा, स्प्रेडशीट उघडा, आणि एकच विषय निवडा. ‘जुनी पोस्टरं’ एवढा मोठा नको. ‘दोन महायुद्धांमधली रेल्वेची पोस्टरं’ एवढा नेमका. नेमका विषय घेतला की दोन महिन्यांत तुमची नजर तयार होते. कोणता छापखाना कसा रंग वापरायचा, कोणती प्रत नंतरची, हे दिसायला लागतं. मग त्यालाच लागून पुढचा विषय घ्या.

तुमच्याकडे जर घरातली मूळ छायाचित्रं किंवा निगेटिव्ह असतील आणि तीही या संग्रहात घ्यायची असतील, तर तेवढं कळवा. त्यांचं स्कॅनिंग कसं करायचं हे मूळ वस्तू किती मोठी आणि कशी टिकली आहे यावर ठरतं, त्यामुळे आकार आणि साधारण काळ लिहा.